माणवमधला ण

वसईजवळच्या जूचंद्रच्या त्या घरात ‘ण’ नव्हता. बाकी सगळं होतं. ओटीवर मिठाची पोती होती, माजघरात भाताची कणगी होती, परसात शेवगा आणि शेवग्याखाली कोंबड्यांचं खुराडं होतं. पण पाणी नव्हतं, पानी होतं. कोण नव्हतं, कोन होतं. लोणी, दाणे, आणि, म्हणून, हे माझ्या ओळखीचे सगळे शब्द तिथं जिभेच्या टोकावरनं पातळ होऊन बाहेर पडायचे. मी माणदेशातून आले तेव्हा वेणू होते. उंबऱ्यातच घरमालकीण काशीबाईंनी विचारलं, “नाव काय गो तुजा?” मी सांगितलं, आणि त्या आत तोंड करून म्हणाल्या, “वेनू आयलीय, तिला भाकर वाढ.” भाकर वाढली म्हणून मी नावाची तक्रार केली नाही. भुकेल्या पोरीनं कशाला अक्षरं मोजत बसावं.

आई गेली आणि वडिलांनी सातवीनंतर माझी शाळा सोडवली. गावाकडं स्थळही बघून ठेवलं होतं, ट्रॅक्टरवाल्याचा थोरला, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. मावशीनं मध्ये पडून “चार महिने माझ्याकडं राहू द्या तिला, जरा सावरू द्या” असं म्हटलं आणि मला इकडं आणलं. मावशी आणि काका काशीबाईंच्या पडवीतल्या खोलीत भाड्यानं राहायचे. एक खोली, तीन पोरं, त्यात मी. काका वाईट माणूस नव्हता, पण झोपताना त्याला पाय लांब करता यायचे नाहीत. दर रविवारी तो दाढी करता करता म्हणायचा, “पुढच्या आइतवारी हिला गाडीत बसवतो.” मी ते ऐकून आणखी दोन भांडी जास्त घासायची. गाडीत बसणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. गाडी थेट त्या ट्रॅक्टरच्या दारात थांबणार होती.

मला वाचवलं ते काशीबाईंच्या सुनेच्या बाळंतपणानं. वनितावहिनी अवघडल्या, पाणी शेंदवेना, तेव्हा काशीबाईच काकाला म्हणाल्या, “पोरगी ऱ्हाऊ दे. पोऱ्या व्हवो का पोरी, बगाला कोनतरी पायजे. माज्यात जेवल.” तेव्हापासून मी मावशीच्या खोलीत झोपायची आणि मोठ्या घरात जेवायची. माझे बाजरीची भाकरी थापणारे हात तांदळाच्या पिठापुढं खुळे झाले. उकड काढायची, मळायची, पाण्याचा हात लावून थापायची. माझी भाकरी तव्यावर जाईपर्यंत तिचे तीन तुकडे व्हायचे. काशीबाई हसायच्या नाहीत. ते तुकडे त्या स्वतः खायच्या, सुकटीच्या कालवणात बुडवून. पंधरा दिवसांनी पहिली भाकरी फुगली तेव्हा त्यांनी ती हातात घेऊन शेजारणीला दाखवली. ती फुगलेली भाकरी मला अजून दिसते. त्यानंतर माझ्या हातनं पुष्कळ बरंवाईट झालं, पण एवढं कौतुक पुन्हा कशाचं झालं नाही.

त्या घरात माझी दुसरी किंमत होती ती अक्षराची. काशीबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांचा मुलगा हरेश्वरदादा रंगाच्या कारखान्यात कामाला होता. त्याला वाचता यायचं, पण लिहायला बसला की त्याच्या कपाळावर घाम यायचा. म्हणून दुकानाच्या चिठ्ठ्या, रजेचे अर्ज, काशीबाईंच्या उरणकडच्या भावाला पत्रं, सगळं माझ्याकडं आलं. मी मनातल्या मनात एक कुलूपकिल्ली करून ठेवली होती. हे लोक ‘न’ म्हणाले की आपण ‘ण’ लिहायचा. ‘पानी’ ऐकायचं, ‘पाणी’ लिहायचं. किल्ली बहुतेक ठिकाणी लागायची.

एकदाच चुकले. बाळ झाल्यावर मनगटीसाठी काळे मणी हवे होते. काशीबाई म्हणाल्या, “कालं मनी लिव, दोन सर.” मी घाईत जसं ऐकलं तसंच लिहिलं, काळे मनी. दुकानदारानं चिठ्ठी गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचली. “काळी मनी? मांजर पायजे काय तुला? आनि तीपन दोन?” सगळं दुकान हसलं. मी मणी घेऊन वाटभर रडत आले आणि शपथ घेतली की आता न ऐकला की ण. विचार करायचा नाही, सरळ ण. भित्र्या माणसाचं असंच असतं. एका बाजूला ठेच लागली की तो दुसऱ्या बाजूच्या खड्ड्यात जातो. हे लिहितानासुद्धा मी प्रत्येक ‘न’वर बोट ठेवून बघते आहे.

बारशाच्या चार दिवस आधी सकाळी हरेश्वरदादा डबा घेऊन निघाला होता. दारातून मागं फिरला. “वेनू, कागद आन. पोऱ्याचा नाव लिव दोन चिठ्ठ्यांवर. एक मी जन्माच्या नोंदीला देतो, एक रांगोलीवाल्या पोरांना.”

“काय लिहू दादा?”

“मानव.”

मी पेन टेकवलं आणि थांबले. तेव्हा आजूबाजूला राजेश, सुरेश, महेश असायचे. मानव नावाचं कोणी मी पाहिलं नव्हतं. “मानव म्हणजे?”

“मानूस गो! मानूस, मानव, एकच.” त्यानं डबा खाली ठेवला. एरवी तो एवढं बोलायचा नाही. “माजा बापूस मिठागरान राबून मेला. त्याच्या पायाला मिठानं भेगा पडल्या, पन मानूस म्हनून त्याला कोनी बगला नाय. माजा पोऱ्या मानूस झाला पायजे. म्हनून मानव.”

माझ्या डोक्यात किल्ली फिरली. मानूस म्हणजे माणूस. तिथं ण असतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग मानूस-मानव एकच म्हटल्यावर मानवमध्ये पण ण. शाळेच्या पुस्तकात ‘मानवी शरीर’ होतं, ते त्या क्षणी आठवायला हवं होतं, पण मला आठवलं ते दुकानातलं मांजर. मी दोन्ही चिठ्ठ्यांवर वळणदार अक्षरात लिहिलं, माणव. दादानं चिठ्ठीकडं बघितलं, “अक्षर बेस हाय” म्हणाला आणि गेला.

जूचंद्रची पोरं रांगोळीत हुशार, आजही आहेत. बारशाच्या सकाळी त्यांनी ओटीवर पाळणा काढला. त्या पाळण्याची दोरी इतकी खरी दिसत होती की एका म्हातारीनं तिच्यावर पाय पडू नये म्हणून लुगडं उचललं. पाळण्याखाली हातभर उंचीचं नाव, निळ्या रंगात पांढरी कड काढून. बायका जमल्या, घुगऱ्या शिजल्या, वहिनी बाळाला घेऊन पाटावर बसल्या, आणि उमेळ्याला दिलेली हरेश्वरदादाची बहीण सुलूआत्या आली. नाव ठेवायचा मान तिचा. घरात मॅट्रिकपर्यंत गेलेली ती एकटीच. ओटीवर पाऊल टाकता टाकता ती थांबली.

“यो काय लिवलाय?”

“मानव,” काशीबाई म्हणाल्या. “तुला सांगितला होता ना.”

“आये, मानव नाय, मानव लिवलाय!”

“मंग त्योच तर.”

“त्यो नाय गो! आपला मानव तो मानव. ह्यो दुसरा मानव. नलाचा न पायजे, हिकडं बानाचा न घातलाय!”

“दोनी नच हात ना पन?” काशीबाईंना खरंच कळेना.

आत्या लाल झाली. जीभ टाळूला लावून तिनं दोनतीनदा प्रयत्न केला. मानव. मान्नव. मानव. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. कुणी म्हणालं, “सुलू, तू येकच नाव चार येला ठेवतंस!” मी चुलीपाशी घुगऱ्यांचं पातेलं धरून उभी होते. सबंध ओटीवर ती काय म्हणते आहे हे समजणारी मी एकटीच होते, आणि चूकही माझीच होती.

शेवटी तिनं माझ्याकडं बोट केलं. “कोनी लिवला? हिनं ना? सातवी सोडलेली पोर, तिच्या हातान पोऱ्याचा नाव दिला तुमी? मानदेशाची ना ही? सोताच्या गावाचा नाव चिकटवलान पोऱ्याला! मी हा नाव घेनार नाय.” आणि खरंच घेतलं नाही. बाळाला पाळण्यात घातलं, देवाचं नाव म्हणून कान्हा म्हटलं, घुगऱ्या वाटल्या आणि बायका घरी गेल्या. दादा संध्याकाळी आला तेव्हा कळलं की नोंदीतही माणवच लागलं आहे. तो माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो रांगोळीकडं बघत बसला. आत्या निघताना पडवीत जाऊन काकाला सांगून गेली, “रविवारी हिला गावाला पोचवा.” काकानं दुसऱ्याच दिवशी माझं बोचकं बाहेर काढून ठेवलं.

इथं थोडं आजचं सांगते. परवा माझ्या सुनेला सातवा लागला, आणि ती मोबाइलवर मुलांची नावं शोधत बसली आहे. आता नावाला अर्थ असतो, अंक असतो, किती जणांनी ठेवलंय तेही असतं. मी तिला म्हटलं, “माणव बघ की, बाणाचा ण.” तिनं टाकून बघितलं. मानवची पानंच्या पानं निघाली. माणवचं एकच, त्यावर लिहिलेलं, दुर्मिळ. “आई, हे कोणी ठेवतच नाही,” ती म्हणाली. मला हसू आलं. त्या मोबाइलला जूचंद्र माहीत नाही. तिथं आता चार माणव आहेत. पहिल्याचं बघून शेजाऱ्यांनी ठेवलं, मग भाच्याचं ठेवलं, आणि शेवटचा तर आत्ता बालवाडीत आहे. माझी एक शुद्धलेखनाची चूक चार घरांच्या रेशनकार्डावर चढली. कधी अभिमान वाटतो, कधी धास्ती वाटते की कुणी येऊन विचारील.

तर, त्या वेळी ज्याला विचारावं असं कोणी होतं म्हणून काशीबाई मला घेऊन वसईला गेल्या, पारनाक्याजवळ. तिथं एक निवृत्त मास्तर राहायचे, संस्कृत शिकवलेले. काशीबाई त्यांना दर साल नवा तांदूळ द्यायच्या, त्या ओळखीवर. नाव दुरुस्त करायचा अर्ज त्यांच्याकडनं लिहून घ्यायचा होता, कारण माझ्या हातून लिहून घ्यायची आता कुणाची छाती नव्हती. मास्तरांनी नोंदीचा कागद बघितला, चष्मा वर केला, पुन्हा बघितला.

“काशीबाई, हे कोणी लिहिलं?”

“ह्या पोरीनं. चुकली बिचारी.”

“चुकली?” ते उठले आणि उशीएवढा जाड कोश घेऊन आले. बोट फिरवत गेले, थांबले. “हा शब्द आहे. माणव. लहान मुलगा, शिकायला बसलेला बटू. आणि हे बघा, मोत्यांच्या सोळा सरांच्या हारालाही माणव म्हणतात.”

काशीबाईंचे डोळे चमकले. “मोत्याचा?”

“थांबा, गंमत पुढं आहे. मनूचं मूल म्हणजे मानव. पण जुने व्याकरणवाले म्हणतात, ते मूल अडाणी असेल, अजून काही शिकलेलं नसेल, तर त्याच्यातल्या ‘न’चा ‘ण’ होतो. माणव.” त्यांनी माझ्याकडं बघितलं. “तू कितवी?”

“सातवी. सोडली.” मला वाटलं ते मला टोमणा मारताहेत. माझी मान खाली गेली.

“मग पंडितांनी जे सूत्र करून केलं, ते तू न शिकता केलंस,” ते म्हणाले आणि मनापासून हसले. त्यांच्या बायकोनं चहा दिला. मास्तरांनी अर्ज लिहिला, सही करायची जागा मोकळी ठेवली आणि पाठीमागं शब्दाचे सगळे अर्थ लिहून कागद माझ्या हातात दिला. “हरेश्वरला वाचून दाखव. मग त्यानं सही करावी नाहीतर फाडावा.”

एसटीत काशीबाई माझ्याशेजारी बसल्या. मग माझ्या कानाशी आल्या. “बाय, मोत्याचा हार तेवढा सांग. ता अडानी नको सांगू. मना वाचता येत नाय, मी काय आयकलाच नाय.” त्यांनी माझा हात दाबला. मला त्यांचा हेतू कळला. सोळा सरांचा हार ऐकून दादा खूश होईल, आत्या गप्प बसेल, माझं बोचकं परत आत जाईल. रविवारपर्यंत मी तो कागद पोलक्यात ठेवून हिंडले. घामानं त्याची घडी मऊ झाली. किती वेळा मनात वाचला, तेवढी ओळ सोडून. सोपं होतं. वाचणारी मीच होते.

रविवारी सकाळी सगळे होते. आत्या उमेळ्याहून आली होती, भावाच्या सहीला साक्षीदार म्हणून. काका धुतलेला सदरा घालून माझं बोचकं घेऊन ओटीच्या पायरीवर बसला होता, कारण दुपारची गाडी होती. वनितावहिनी पाळण्याशेजारी. दादा म्हणाला, “वाच गो.”

मी वाचायला लागले. लहान मुलगा. बटू. मोत्यांचा सोळा सरांचा हार. काशीबाईंनी हळूच मान हलवली, आता पुरे अशी. मी थांबले. दादा माझ्याकडं बघत होता. त्याला वाचता येत होतं. पण कागद हातात घेऊन बघायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं, इतका त्याचा माझ्यावर विश्वास होता. चूक झाल्यावरसुद्धा. त्या विश्वासाची मला काकापेक्षा जास्त भीती वाटली. मी पुढची ओळ वाचली. “अडाणी, अजून काही न शिकलेलं माणसाचं मूल.”

“आयकलास?” आत्या टाळी वाजवून म्हणाली. “अडानी! पोऱ्याचा नाव अडानी! कर सई.”

काशीबाईंनी कपाळाला हात लावला. काका उठून उभा राहिला. दादानं मात्र पेन घेतलं नाही. “परत वाच.”

मी परत वाचलं.

“म्हंजे मानव तो झालेला मानूस,” तो सावकाश म्हणाला. “आनि ह्यो अजून व्हायचाय. असाच ना?”

“हो दादा.”

“मंग बरोबर हाय की.” तो पाळण्यात वाकला. “ह्यो कवा शिकला? आयच्या पोटान कोन शिकून येतं? सुलू, तूपन मॅट्रिकला दोनदा बसलीस तेवा पास झालीस. मी तर अजून व्हतोय. मना मानूस झालेला पोऱ्या नको, मना व्हनारा पायजे.” त्यानं माझ्या हातातला कागद घेतला, पेन उचलून अर्जाच्या बाजूवर एक आडवी रेघ मारली, आणि अर्थाची बाजू वर करून देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवला.

आत्या पाळण्याकडं बघायला लागली. ती मनानं वाईट नव्हती, तिला मान हवा होता. “बरा. पन मी कसा घेऊ? माजी जीब तिकडं वलतच नाय. कानान मानव सांगीन आनि कागदावर दुसराच.”

“वेनूची वलते,” वनितावहिनी म्हणाल्या. त्या घरात त्या सगळ्यांत कमी बोलायच्या. सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. “तिलाच घेऊ दे. तिनंच लिवलाय.”

आत्यानं वहिनीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग एकदम सरकून तिनं पाळण्याजवळ जागा केली. “ये गो. नाव घेतलास तर आत्या तू पन. नुसता नाव नाय, पोऱ्याच्या लग्नात मानाची साडीपन तुलाच न्हेसाची लागंल.”

पायरीवरून काका म्हणाला, “काशीबाई, आमची गाडी हाय बरं का दोनची.”

“तू जा की,” काशीबाई म्हणाल्या. “आत्याला पालन्यावरनं उठवून कोन नेतो रं? ठेव ता बोचका आत. जेवून जा.”

काका बोचक्याकडं बघत राहिला, मग ते त्यानं खुंटीला अडकवलं आणि हात धुवायला गेला. मी पाळण्यावर वाकले. बाळाच्या कानाला तेलाचा आणि दुधाचा वास येत होता. मी कुर्र केलं, जीभ वळवली, आणि ते नाव, ते कुणाचंही नसलेलं नाव, त्याच्या कानात नीट सांगितलं. आत्यानं नाव सांगितलं की बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे अशी रीत आहे. पहिला धपाटा सुलूआत्याचा होता, आणि तो जरा जोरातच होता.